आकड्यामागची वेळ : प्रतिजैविकांची रक्तातील पातळी का मोजावी लागते

रुग्णालयात दाखल असलेल्या माणसाला व्हँकोमायसिन किंवा अमिकासिन ही औषधे शिरेतून सुरू असतील, तर दोन-तीन दिवसांनी एक गोष्ट नातेवाइकांच्या लक्षात येते. पुढच्या डोसची वेळ झालेली असते, औषध तयार असते, पण परिचारिका आधी रक्ताचा नमुना घेते आणि कधी कधी तर ‘लेव्हल येऊ दे, मग पुढचा डोस लावू’ असे सांगून औषध बाजूला ठेवून देते. एकीकडे जंतुसंसर्ग गंभीर आहे असे सांगितले जाते आणि दुसरीकडे त्यावरचेच औषध थांबवले जाते, हे घरच्यांना साहजिकच विचित्र वाटते. या थांबण्यामागचे कारण मूत्रपिंडात असते.

बहुतेक प्रतिजैविकांच्या बाबतीत हा खटाटोप करावा लागत नाही. अमॉक्सिसिलिनसारख्या औषधात जंतू मारण्यासाठी लागणारी मात्रा आणि शरीराला अपाय करणारी मात्रा यांत एवढे मोठे अंतर असते की नेहमीचा डोस एखाद्याला थोडा कमी-जास्त पडला तरी सहसा काही बिघडत नाही. काही मोजक्या औषधांत मात्र हे अंतर फार अरुंद असते. जेंटामायसिन, टोब्रामायसिन आणि अमिकासिन ही अमिनोग्लायकोसाइड गटातील औषधे, व्हँकोमायसिन, आणि इतर औषधांना दाद न देणाऱ्या जंतूंसाठी राखून ठेवलेले कोलिस्टिन ही त्यांतली महत्त्वाची नावे होत. त्यांची रक्तातील पातळी कमी पडली तर जंतू तग धरून राहतात, आणि ती चढलेलीच राहिली तर मूत्रपिंडाला इजा होते. अमिनोग्लायकोसाइडच्या बाबतीत आतल्या कानालाही होते.

मग वजन पाहून नीट हिशेबाने डोस दिला तर पातळी नीट राहणार नाही का, असा प्रश्न येथे पडतो. त्याचे उत्तर एका छोट्या गणितातून मिळते. मूत्रपिंड किती वेगाने काम करते याचा अंदाज बांधण्यासाठी 1976 साली कॉकक्रॉफ्ट आणि गॉल्ट यांनी मांडलेले एक सूत्र डॉक्टर अजूनही वापरतात. 140 मधून वय वजा करायचे, त्याला वजनाने गुणायचे, आणि येणाऱ्या संख्येला रक्तातील क्रिएटिनिनच्या 72 पटीने भागायचे; स्त्री असेल तर आलेल्या उत्तराला 0.85 ने गुणायचे. आता 25 वर्षांचा, 70 किलो वजनाचा एक तरुण घ्या आणि 80 वर्षांच्या, 45 किलो वजनाच्या एक आजी घ्या. दोघांच्याही अहवालात क्रिएटिनिन 0.8 आहे आणि त्यापुढे ‘नॉर्मल’ असे छापलेले आहे. सूत्रात आकडे घातले तर तरुणाचे मूत्रपिंड मिनिटाला सुमारे 140 मिलिलीटर रक्तद्रव स्वच्छ करते असे उत्तर येते आणि आजींचे जेमतेम 40. क्रिएटिनिन हा स्नायूंतून बाहेर पडणारा पदार्थ आहे. आजींच्या अंगावर स्नायूच कमी असल्यामुळे तो कमी तयार होतो आणि त्यांच्या मूत्रपिंडाचा मंदपणा अहवालात झाकला जातो. दोघांना वजनाच्या प्रमाणात अगदी सारखे औषध दिले तरी तरुणाच्या शरीरातून ते काही तासांत निघून जाईल, आणि आजींच्या शरीरात मागचा डोस पुरता बाहेर पडण्याआधीच पुढचा येऊन मिसळेल.

हे सूत्रही शेवटी अंदाजच देते. गंभीर आजारी माणसाच्या शरीरात पाणी साठलेले असते, रक्तदाब वरखाली होत असतो, मूत्रपिंडाचे काम आज सकाळी होते तसे संध्याकाळी असेलच असे नाही. डोस ठरवताना डॉक्टर जे गृहीत धरतात ते पूर्वीच्या अनेक रुग्णांच्या अनुभवावरून काढलेले सरासरी उत्तर असते, तर रक्तातील पातळी हे समोरच्या एका माणसाच्या शरीराने त्या डोसाला दिलेले उत्तर असते. पातळी मोजण्याचे सगळे प्रयोजन या एका फरकात सामावलेले आहे.

मूत्रपिंडात नेमके काय घडते

अमिनोग्लायकोसाइड औषधांचा इतिहास 1943 साली सापडलेल्या स्ट्रेप्टोमायसिनपासून सुरू होतो. क्षयावर परिणामकारक ठरलेले ते पहिले प्रतिजैविक. मात्र ते घेणाऱ्या काही रुग्णांना चक्कर येऊ लागली, काहींची श्रवणशक्ती गेली, आणि हे औषध दुधारी आहे हे लवकरच कळून चुकले. पुढे 1963 मध्ये जेंटामायसिन आणि त्यानंतरच्या दशकात अमिकासिन आले. जंतूंविरुद्ध त्यांची ताकद वेगवेगळी असली तरी शरीरातील त्यांचा प्रवास जवळपास सारखाच असतो. यकृत या औषधांचे विघटन करत नाही. ती शिरेतून जशी आत येतात तशीच, न बदलता, मूत्रपिंडातून लघवीवाटे बाहेर पडतात. दुसरा रस्ता जवळपास नाहीच.

मूत्रपिंडे दिवसभरात सुमारे 180 लीटर द्रव गाळतात आणि त्यातला बहुतेक सगळा परत रक्तात घेतात. लघवी म्हणून उरते ती दीड-दोन लीटर. परत घेण्याचे हे काम अतिशय बारीक नलिकांच्या आतल्या अस्तराच्या पेशी करतात. गाळलेल्या द्रवातून वाहून चाललेली उपयोगी प्रथिने वाया जाऊ नयेत म्हणून या पेशींच्या पृष्ठभागावर मेगॅलिन नावाचा एक ग्राहक रेणू असतो, जो प्रथिनांना पकडून आत ओढतो. अमिनोग्लायकोसाइडच्या रेणूवर धन विद्युतभार असल्यामुळे तोही या मेगॅलिनला चिकटतो आणि त्याच्याबरोबर पेशीच्या आत जातो. एकदा आत गेला की पेशीच्या कचरा विघटित करणाऱ्या पिशव्यांत, म्हणजे लायसोसोममध्ये, तो साठत राहतो. दिलेल्या औषधाचा अगदी थोडा हिस्सा असा अडकतो, पण रोज अडकत जातो, आणि त्या पिशव्या फुगून फुटण्याच्या बेताला आल्या की पेशी मरते. म्हणूनच ही इजा पहिल्या दिवशी दिसत नाही. साधारणपणे पाच ते सात दिवस औषध चालल्यानंतर ती डोके वर काढते.

येथे एक मजेदार वाटावी अशी गोष्ट आहे, आणि या विषयात मला सर्वांत जास्त आवडते तीच. मेगॅलिनची औषध आत ओढण्याची क्षमता मर्यादित असते. समोरून दहा रेणू आले काय किंवा हजार आले काय, एका वेळी आत जाणारे ठरावीकच. त्यामुळे दिवसाचे सगळे औषध एकाच वेळी दिले, तर रक्तातील पातळी थोड्या वेळासाठी उंच चढते, मूत्रपिंडाच्या पेशी त्यांना झेपेल तेवढेच औषध उचलतात, बाकीचे वाहून जाते, आणि मग पुढचे कित्येक तास नलिकेत औषध जवळजवळ नसल्यामुळे पेशींना उसंत मिळते. तेच औषध तीन भागांत वाटून दर आठ तासांनी दिले, तर पातळी कधीच फार चढत नाही पण कधी पुरती उतरतही नाही, आणि पेशींच्या तोंडाशी चोवीस तास घास धरल्यासारखे होते. योगायोग असा की जंतूंनाही एकदम उंच पातळीच सोसत नाही. जंतूची वाढ रोखणाऱ्या किमान पातळीच्या आठ ते दहा पट उंची गाठली की ही औषधे झपाट्याने मारा करतात, आणि पातळी उतरल्यावरही उरलेले जंतू काही तास सुन्न पडून राहतात. त्यामुळे जे जंतूंना अधिक घातक तेच मूत्रपिंडाला अधिक सुसह्य, असा दुर्मीळ मेळ येथे जुळून येतो. दिवसातून एकदा मोठा डोस देण्याची पद्धत यावरच उभी आहे, आणि नातेवाइकांना ‘एवढा मोठा डोस एकदम?’ असे वाटून भीती वाटत असेल तर ती निराधार आहे. नवजात बालके, हृदयाच्या झडपांचे काही संसर्ग अशा काही परिस्थितींत मात्र वेगळे वेळापत्रक वापरावे लागते.

यावरून पातळी मोजताना काय पाहायचे हेही स्पष्ट होते. औषध किती चढले यापेक्षा ते किती उतरले हे मूत्रपिंडाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे. पुढच्या डोसच्या जरा आधी, म्हणजे पातळी सर्वांत खाली असते तेव्हा घेतलेल्या नमुन्याला ‘ट्रफ’ म्हणतात. दिवसातून एकदा दिल्या जाणाऱ्या जेंटामायसिनची ही तळपातळी लीटरमागे 1 मिलिग्रॅमच्या खाली असावी अशी अपेक्षा असते आणि अमिकासिनची साधारणपणे 5 च्या खाली. ती त्याहून जास्त आली तर डोस जास्त झाला असा अर्थ लगेच काढला जातो, पण पुष्कळदा डोस योग्यच असतो आणि फक्त मूत्रपिंडाला तो बाहेर टाकायला अधिक वेळ हवा असतो. अशा वेळी डोस तेवढाच ठेवून दोन डोसांमधले अंतर 24 तासांवरून 36 किंवा 48 तासांवर नेतात. डोस कमी केला तर पातळीचे शिखरच खुजे होते आणि जंतू मारण्याची ताकद जाते.

दुष्टचक्र आणि उशिरा वाजणारी घंटा

या औषधांचा खरा पेच असा आहे की ज्या वाटेने ती बाहेर पडतात तीच वाट ती बिघडवतात. नलिकांच्या पेशींना थोडी इजा झाली की मूत्रपिंडाचा निचरा मंदावतो. निचरा मंदावला की औषध रक्तात जास्त वेळ राहते. जास्त वेळ राहिले की आणखी इजा करते. डोस मात्र पहिल्या दिवशी ठरला तसाच घड्याळाप्रमाणे जात असतो.

हे चक्र सुरू झाल्याचे कळावे कसे? क्रिएटिनिन रोज तपासले जाते, पण ती उशिरा वाजणारी घंटा आहे. मूत्रपिंडाचे काम आज सकाळी निम्म्यावर आले तरी रक्तात क्रिएटिनिन साठून आकडा वर यायला एक-दोन दिवस जातात. शिवाय आकडा वाढूनही तो छापील मर्यादेतच राहू शकतो. कालपरवा 0.6 असलेले क्रिएटिनिन आज 1.0 झाले, तर अहवालात त्यापुढे लाल खूण येणार नाही. पण 48 तासांत 0.3 ची वाढ, किंवा सात दिवसांत मूळ आकड्याच्या दीडपट वाढ, ही मूत्रपिंडाला अचानक झालेल्या इजेची आंतरराष्ट्रीय पातळीवर मानलेली व्याख्या आहे आणि या उदाहरणात ती पूर्ण होते. त्यामुळे आकडा मर्यादेत आहे का यापेक्षा तो स्वतःच्या मागच्या आकड्याच्या तुलनेत कोठे आहे हे पाहिले पाहिजे.

आणखी एक फसवी खूण म्हणजे लघवी. घरची माणसे लघवीच्या पिशवीकडे लक्ष ठेवून असतात आणि लघवी भरपूर होत असली की मूत्रपिंड ठीक आहे असे समजून निश्चिंत होतात. अमिनोग्लायकोसाइडमुळे होणाऱ्या इजेत लघवीचे प्रमाण बहुधा कमी होत नाही. पाणी बाहेर पडत राहते, कचरा मात्र मागे राहतो.

औषधाची तळपातळी ही घंटा काहीशी आधी वाजवू शकते. परवा 0.5 आलेली जेंटामायसिनची पातळी आज तोच डोस असताना 1.6 आली असेल आणि क्रिएटिनिन अजून जागचे हललेले नसेल, तर औषध बाहेर पडण्याचा वेग मंदावला आहे हे त्या आकड्याने सांगितलेले असते. मात्र ही घंटा अचूक नाही. पातळी पूर्णपणे ठरलेल्या मर्यादेत असूनही औषध दहा-बारा दिवस चालले तर इजा होऊ शकते, कारण पेशींत साठणारे औषध दिवसांच्या हिशेबाने साठत असते. म्हणून जंतूच्या चाचणीचे अहवाल हातात आल्यावर कमी धोक्याचे औषध चालत असेल तर ते सुरू करून हे बंद करणे, हा पातळी मोजण्यापेक्षाही परिणामकारक उपाय ठरतो. कानाच्या बाबतीत तर पातळीचे संरक्षण आणखीनच तोकडे आहे. आतल्या कानातल्या ध्वनी टिपणाऱ्या केसपेशी एकदा मेल्या की पुन्हा येत नाहीत, आणि पेशींतील मायटोकाँड्रियाच्या जनुकांत एक विशिष्ट बदल असलेल्या काही कुटुंबांत अगदी नेहमीच्या डोसानेही बहिरेपण आल्याची उदाहरणे आहेत. आईकडच्या नात्यात कोणाला अशा इंजेक्शनांनंतर ऐकू येईनासे झाले असेल, तर डॉक्टरांनी विचारले नाही तरी ते त्यांना आपणहून सांगावे; हा बदल आईकडूनच मुलांत येतो.

व्हँकोमायसिन : तळापासून क्षेत्रफळापर्यंत

व्हँकोमायसिनची कथा थोडी वेगळी आहे. 1950 च्या दशकात बोर्निओच्या जंगलातून आलेल्या मातीच्या नमुन्यातील एका जिवाणूपासून ते मिळाले आणि 1958 मध्ये ते अमेरिकेत वापरात आले. सुरुवातीच्या औषधात अशुद्ध घटक एवढे असत की त्याच्या तपकिरी रंगावरून त्याला ‘मिसिसिपीचा चिखल’ असे टोपणनाव पडले होते, आणि त्या काळी मूत्रपिंडाला झालेल्या इजेचे काही खापर या अशुद्धतेवरही फोडले जाते. पुढे मेथिसिलिन या प्रतिजैविकाला न जुमानणारा स्टॅफिलोकॉकस हा जंतू, ज्याला एमआरएसए म्हणतात, रुग्णालयांतून पसरू लागला तसे हे जवळपास बाजूला पडलेले औषध पुन्हा पुढे आले. आजचे औषध पुष्कळ शुद्ध आहे, तरीही जास्त पातळीत ते मूत्रपिंडाच्या नलिकांना इजा करते.

अमिनोग्लायकोसाइडसारखा उंच शिखराचा हव्यास या औषधाला नसतो. जंतूंवर त्याचा परिणाम दिवसभरात त्यांच्या वाट्याला एकूण किती औषध आले यावर ठरतो. पातळीचा आलेख कागदावर काढला, आडव्या रेषेवर तास आणि उभ्या रेषेवर पातळी घेतली, तर त्या वळणदार रेषेखाली 24 तासांत जेवढी जागा व्यापली जाते ते क्षेत्रफळ म्हणजे हा एकूण वाटा. इंग्रजी आद्याक्षरांवरून त्याला ‘एयूसी’ म्हणतात. हे क्षेत्रफळ मोजणे जिकिरीचे वाटे, म्हणून अनेक वर्षे त्याऐवजी फक्त तळपातळी पाहिली जात होती, आणि 2009 मध्ये अमेरिकेतील तज्ज्ञ संघटनांनी गंभीर संसर्गात ती 15 ते 20 दरम्यान ठेवावी अशी शिफारस केली. त्यानंतरच्या काळात ही तळपातळी गाठण्याच्या नादात मूत्रपिंडाच्या इजा वाढल्याचे एकामागून एक अभ्यासांत दिसू लागले. 2020 च्या सुधारित शिफारशींनी गंभीर एमआरएसए संसर्गात केवळ तळपातळीवर विसंबण्याची पद्धत सोडून द्यायला सांगितली आणि 24 तासांचे क्षेत्रफळ 400 ते 600 दरम्यान ठेवण्याचे लक्ष्य दिले. जंतूला रोखणारी किमान पातळी लीटरमागे 1 मिलिग्रॅम आहे असे त्यात गृहीत धरलेले आहे.

एकच तळपातळी असलेल्या दोन रुग्णांचे क्षेत्रफळ वेगळे असू शकते, हे या बदलामागचे कारण. दोन डोंगरांचे पायथे एकाच उंचीवर असले म्हणून डोंगर सारखे होत नाहीत. एका रुग्णाला दर 24 तासांनी मोठा डोस मिळतो आणि दुसऱ्याला दर 8 तासांनी लहान. दोघांची तळपातळी 12 आली तरी पहिल्याचे शिखर कितीतरी उंच असते.

क्षेत्रफळाचे गणित ऐकायला अवघड वाटते, पण त्याचा गाभा एका भागाकाराचा आहे. दिवसभरात दिलेल्या औषधाला शरीराच्या निचऱ्याने भागले की क्षेत्रफळ मिळते. एखाद्या माणसाचे शरीर तासाला 4 लीटर रक्तद्रवातून औषध काढून टाकते आणि त्याला दिवसाला 2000 मिलिग्रॅम मिळते, तर उत्तर 500 येते, म्हणजे अगदी हवे तेथे. दोन दिवसांनी त्याचा निचरा तासाला 2 लीटरवर आला आणि डोस तोच राहिला, तर क्षेत्रफळ 1000 होते. औषधाची बाटली, मिसळण्याची पद्धत, देण्याची वेळ यांपैकी काहीही बदललेले नसते. अर्थात हा निचरा किती आहे हे रक्त घेतल्याशिवाय कळत नाही. त्यासाठी औषध देऊन संपल्यावर एक-दोन तासांनी एक आणि पुढच्या डोसच्या आधी एक असे दोन नमुने घेऊन पातळी किती वेगाने उतरली ते काढतात. पहिल्या नमुन्यात 30 आणि सहा तासांनी दुसऱ्यात 15 आले, तर पातळी निम्मी व्हायला सहा तास लागले, म्हणजे या माणसात औषधाचा अर्धायुकाल सहा तासांचा आहे. हाच कालावधी मूत्रपिंडे पूर्ण निकामी झालेल्या माणसात काही दिवसांवर जातो.

काही रुग्णालयांत हे काम संगणकावर करतात. अठराव्या शतकातील थॉमस बेज या धर्मोपदेशकाच्या नावाने ओळखला जाणारा संभाव्यतेचा नियम त्यामागे असतो. आधी अनेक रुग्णांच्या माहितीवरून या वयाच्या, या वजनाच्या, एवढे क्रिएटिनिन असलेल्या माणसात काय होईल याचा अंदाज संगणक बांधतो, आणि मग प्रत्यक्ष आलेल्या एक-दोन पातळ्यांच्या आधारे तो अंदाज त्या माणसाकडे सरकवतो. त्याचा मोठा फायदा असा की नमुना अगदी ठरलेल्या मिनिटालाच घेतला पाहिजे असे बंधन राहत नाही; मात्र तो नेमका कधी घेतला हे कळलेच पाहिजे.

नमुना कधी आणि कसा

वेळ नोंदलेली नसेल तर पातळीच्या आकड्याला काही अर्थ उरत नाही. ‘व्हँकोमायसिन 18’ हा आकडा डोसच्या आधीचा असेल तर एक अर्थ, डोस संपल्यावर तासाभराचा असेल तर अगदी उलटा अर्थ. डोस दहाला लिहिलेला असतो, पण शीर सापडेना म्हणून तो अकराला सुरू झालेला असतो. रक्त साडेनऊचे म्हणून पाठवले जाते, पण प्रत्यक्षात पावणेअकराला काढलेले असते. कागदावरच्या वेळा धरून गणित केले की डोस चुकीच्या दिशेने बदलला जातो. त्यामुळे डोस प्रत्यक्षात कधी सुरू झाला, कधी संपला आणि रक्त कधी घेतले, या तीन वेळा खऱ्या लिहिणे हा या संपूर्ण प्रक्रियेतला सर्वांत स्वस्त आणि सर्वांत जास्त हलगर्जीपणा होणारा भाग आहे.

दुसरी नेहमीची चूक जागेची. ज्या नळीतून औषध चालू आहे त्याच नळीतून रक्त घेतले तर नळीच्या भिंतीला राहिलेले औषध नमुन्यात उतरते आणि पातळी अशक्य वाटावी इतकी जास्त येते. रुग्ण बरा दिसतो आहे, क्रिएटिनिन स्थिर आहे आणि पातळी मात्र भलतीच आली, तर घाबरून जाण्याआधी दुसऱ्या हातातून नमुना पुन्हा पाठवणे शहाणपणाचे. नळीत काढून ठेवलेल्या रक्तातही रसायने शांत बसत नाहीत. पेनिसिलिनच्या जातीची काही औषधे जेंटामायसिन आणि टोब्रामायसिन यांना निष्प्रभ करतात, त्यामुळे दोन्ही एकत्र चालू असलेल्या रुग्णाचा नमुना तासन्‌तास तसाच पडून राहिला तर पातळी खोटी कमी येते. कोलिस्टिनचे उलटे आहे. ते निष्क्रिय रूपात दिले जाते आणि शरीरात हळूहळू सक्रिय होते. हे रूपांतर नमुन्यातही सुरूच राहते, म्हणून तो ताबडतोब थंड केला नाही तर पातळी खोटी जास्त येते.

उपाशीपोटी यायचे का, हा प्रश्न घरून येऊन शिरेतून औषध घेणारे रुग्ण हमखास विचारतात. या तपासणीसाठी उपाशी राहण्याची गरज नाही. गरज आहे ती पुढचा डोस घेण्याआधी रक्त देण्याची.

औषध सुरू केल्यापासून किती काळाने पातळी पाहायची, यालाही एक तर्क आहे. आत येणारे आणि बाहेर जाणारे औषध यांचा मेळ बसून पातळी स्थिरावायला साधारण चार ते पाच अर्धायुकाल जावे लागतात. अर्धायुकाल सहा तासांचा असेल तर हा काळ एक दिवसाच्या आसपास, पण पंधरा तासांचा असेल तर तीन दिवसांचा. त्यामुळे ज्याची मूत्रपिंडे आधीच मंद आहेत त्याच्यात पातळी स्थिर होण्याची वाट पाहणे म्हणजे ती वाढू देणेच होय. अशा रुग्णात नमुना लवकर आणि वारंवार घेतात. येथे एक गैरसमजही दूर केला पाहिजे. मूत्रपिंड कमजोर आहे म्हणून अगदी पहिला डोसही कमी द्यावा असे अनेकांना वाटते. पहिल्या डोसचे काम रिकामी टाकी भरण्याचे असते, आणि टाकीचा आकार शरीरावर ठरतो, तिला असलेल्या तोटीवर नव्हे. तोटी बारीक असेल तर नंतरचे डोस लांबवायचे किंवा कमी करायचे. पहिलाच आखडता घेतला तर ज्या दोन दिवसांत संसर्ग सर्वांत तीव्र असतो तेच दोन दिवस औषधाविना गेल्यासारखे होतात.

पातळी कमी येणे ही देखील चिंतेचीच गोष्ट आहे. मोठा अपघात झालेला किंवा भाजलेला, पण एरवी धडधाकट असलेला तरुण अतिदक्षता विभागात असतो तेव्हा शरीराच्या तीव्र प्रतिक्रियेमुळे त्याच्या मूत्रपिंडांचे काम नेहमीपेक्षा वेगाने चालू शकते, आणि नेहमीचा डोस संसर्गापर्यंत पोचतो न पोचतो तोच लघवीतून निघून जातो. मूत्रपिंडाच्या भीतीने अशा रुग्णाचा डोस कमीच ठेवला, तर त्याला मूत्रपिंडाचा काही फायदा होत नाही आणि संसर्ग मात्र हाताबाहेर जातो.

पातळीचा आकडा योग्य असतानाही धोका वाढवणारी इतर औषधे असतात आणि त्यांतली काही घरातूनच आलेली असतात. डायक्लोफिनॅक किंवा आयबुप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्या मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा कमी करतात; लघवी वाढवणाऱ्या गोळ्यांनी शरीरातील पाणी घटते; सीटी स्कॅनसाठी शिरेतून दिलेले रंगद्रव्य आणि बुरशीवरचे अँफोटेरिसिन हे देखील यादीत येतात. व्हँकोमायसिनबरोबर पिपरॅसिलिन-टॅझोबॅक्टम हे प्रतिजैविक दिल्यास क्रिएटिनिन अधिक वाढते असे अनेक अभ्यासांत दिसले आहे, पण ती खरी इजा असते की क्रिएटिनिन बाहेर टाकण्यात आलेला निव्वळ अडथळा, यावर तज्ज्ञांचे एकमत नाही. गुडघेदुखीसाठी वर्षानुवर्षे घेतलेली गोळी ‘औषध’ म्हणून सांगायची असते हे पुष्कळांच्या ध्यानातच येत नाही, आणि ती उशीखालच्या डबीतून रुग्णालयातही सुरू राहते.

सुदैवाने नलिकांच्या या पेशी पुन्हा वाढू शकतात. औषध थांबवल्यावर बहुतेक रुग्णांचे क्रिएटिनिन काही आठवड्यांत खाली येते, मात्र आधीपासून मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांत ते पूर्ववत होईलच असे नाही. अमिनोग्लायकोसाइडच्या बाबतीत एक गोष्ट मात्र लक्षात ठेवावी लागते. शेवटच्या डोसनंतर दोन दिवसांनी रक्तातील पातळी शून्यावर आलेली असते, पण नलिकांच्या पेशींत अडकलेले औषध तेथे आणखी कित्येक दिवस असते. त्यामुळे क्रिएटिनिन औषध बंद केल्यानंतरही वाढू शकते, आणि घरी जाताना हातात दिलेल्या कागदावर चार-पाच दिवसांनी पुन्हा रक्त तपासायला लिहिलेले असते ते याच कारणासाठी.